जिंकलेल्या फौजेची पाठ

झेहेस्टेडच्या चर्चची घंटा शेजारच्या वाडीत ऐकू आली, तेव्हा विबकेला आनंदाआधी शंका आली. नेपोलियनची संगत धरल्यापासून डेन्मार्कच्या राजाला नुसते फटके बसत होते. आणि आज एकदम विजय? तोही आपल्याच शिवारात?

दुपारी तिचा डेटलेफ दारात येऊन उभा राहिला. तोंड बंदुकीच्या दारूच्या धुरानं काळं, पण अंगावर ओरखडा नाही. "जिंकलो गं, आई," म्हणाला. आज मुक्काम इथंच, सार्जंटनंच घरी जाऊन जेवून ये म्हटलंय. विबकेनं त्याला पोटाशी धरलं आणि त्याच्या खांद्यावरून रस्त्याकडे पाहिलं.

जिंकलेली फौज शत्रूच्या मागे लागते. ही मात्र मागे, आपल्याच रेन्ड्सबुर्गच्या किल्ल्याकडे निघाली होती. दोन शिपाई अर्धीकच्ची लापशी चिखलात ओतून कढया गाडीत चढवत होते. भुकेला शिपाई लापशी ओततो होय? विबकेच्या मनात पाल चुकचुकली.

तिकडे हिवाळ्यात भिजून आलेल्या माणसाचे बूट आधी ओढून काढतात, त्यात गरम ओटचे दाणे भरून सुकायला चुलीशी ठेवतात. मग सकाळपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. डेटलेफनं सवयीनं पाय पुढे केला. विबके जागची हलली नाही.

"बूट राहू देत. ऊठ, पलटण गाठ."

"आई, दोन घास तरी खाऊ दे."

"चालता चालता खा." तिनं काळ्या पावाचा तुकडा त्याच्या हातात कोंबला. तुला जिंकलेलंसुद्धा सोसत नाही, असं फणकाऱ्यानं म्हणत तो गेला. मागे वळूनही पाहिलं नाही त्यानं. विबकेच्या काळजाला घरं पडली.

शेजारी, भिंतीपलीकडे टिमकडे हसणं चाललं होतं. त्याचा मुलगा युर्गनही पलटणीतून घरी आला होता. जाऊन सांगावं, असं विबकेच्या मनात आलं. पण टिमच्या तोंडात तीळ भिजत नाही. फौज पळतेय असं विबके म्हणते, हे कुणा अधिकाऱ्याच्या कानावर गेलं तर? शिवाय तिला तरी खात्री कुठं होती? तिनं दाराला अडसर घातला.

दिवस मावळला तोवर फौज गेली होती, आणि शत्रूचे कॉसॅक स्वार आले. त्यांनी युर्गनला अंथरुणातून ओढला आणि अनवाणीच दोरीनं बांधून नेला.

मग टिम आला.

"डेटलेफ कुठंय?"

"गेला, पलटणीबरोबर."

"कधी?"

"दुपारीच."

टिमनं दोन घरांमधल्या भिंतीवर हात ठेवला. "आपली भिंत एकच आहे, विबके," तो म्हणाला. "नुसती मूठ आपटली असतीस, तरी पुरलं असतं."