छान वाटतंय, डॉक्टर

केस वाढवायच्या औषधाची चाचणी चालली होती, तिच्यात मी भाग घेतला आणि पहिल्याच दिवशी माझे होते ते केस कापले गेले. सगळे नाहीत, टाळूपाशी नाण्याएवढी जागा. तिथे एक बारीक ठिपका गोंदला, म्हणजे पुढच्या वेळी नेमकी तीच जागा सापडेल. मग उरलेले खुंट काळे रंगवले, कारण पांढरे केस फोटोत मोजता येत नाहीत. पांढऱ्या डोक्यावर काळा गोल घेऊन घरी आले, तर मुलगा म्हणाला, "आई, कॅरमची सोंगटी तिथेच राहिली का गं?"

या डोक्याने चांगले दिवस पाहिले होते, म्हणून जास्त लागलं. लग्न होऊन आले तेव्हा माझी वेणी मला एकटीला आवरत नसे. धाकटी नणंद तेव्हा शाळेत होती. ती स्टुलावर उभी राहून माझी वेणी घालायची आणि शेवटी रिबीन बांधून झाली की एक हिसका द्यायची. "वहिनी, संपली हे कळायला नको का तुम्हाला?" त्या वेणीचं पुढे काय झालं ते मोरीच्या जाळीला विचारा.

चाचणीला त्याच नणंदेला, आमच्या वन्संना, मी सोबत ओढून नेलं. दोघींचे नवरे गेल्यापासून आम्ही एकत्र राहतो आणि दोघींचाही भांग एव्हाना रस्त्याएवढा रुंद झाला होता. वन्संचं म्हणणं साधं होतं. "वहिनी, भिंतीवर लावायचा फोटो अजून काढायचा राहिलाय. एकदा का टांगलं की मग बदलता यायचं नाही."

डॉक्टरीण तरुण होती. तिचे स्वतःचे केस इतके दाट की अंबाड्यात खोचलेलं पेन तिलाच सापडत नसे. तिने समजावून सांगितलं की निम्म्या बाटल्यांत औषध आहे आणि निम्म्यांत औषध नसलेला तोच द्रव. कुणाला काय मिळालंय हे तिलाही ठाऊक नाही.

"मग हिला ठाऊक तरी काय आहे?" वन्सं माझ्या कानात म्हणाल्या.

दर भेटीला हनुवटी एका कठड्यावर टेकवून टाळूचा फोटो काढायचे. मग डॉक्टरीण विचारायची, "आजी, केस कसे वाटतात? खाज, जळजळ काही?"

आता आमची पिढी म्हणजे दुसऱ्याच्या घरी आमटीत मीठ नसलं तरी दोनदा वाढून घेणारी. समोर एवढी पोर वाकून विचारतेय आणि तिला म्हणायचं, काही उपयोग नाही तुझ्या औषधाचा? मी म्हणायचे, "छान वाटतंय, डॉक्टर."

"दाट झाल्यासारखे?"

"तुम्ही म्हणताय तर दाटच."

बाहेरच्या बाकावरच्या सगळ्याजणी आमच्याच माळेतले मणी. एकीच्या टाळूत ट्यूबलाइट दिसायची, ती म्हणाली, आता मोठ्या दातांचा कंगवा घ्यावा लागणार. डॉक्टरीण बिचारी कपाळाला हात लावून बसायची. "सगळ्यांनाच छान कसं वाटेल? निम्म्याजणींकडे औषधच नाहीये. मला वाईट सांगा हो. मला वाईटाचाच उपयोग आहे." तिचा चेहरा असा उतरायचा की आम्हाला तिची दया यायची आणि पुढच्या वेळी आम्ही आणखी छान सांगायचो.

अशात वन्सं घरातसुद्धा डोक्याला रुमाल बांधू लागल्या. एकदा आंघोळीनंतर तो सरकला, तेव्हा कानामागे लाल चट्टा दिसला, वर खपल्या.

"हे काय?"

"कुणाला सांगू नका. जळजळतंय." त्यांचा चेहरा मात्र लॉटरी लागल्यासारखा. "म्हणजे खरं औषध मला मिळालंय."

मला वाटायला हवी होती काळजी. वाटला हेवा. मला साधी खाजसुद्धा नव्हती. पुढचे काही दिवस मी माझा द्रव इतका रगडून लावला की मुलाने विचारलं, "आई, भांडी घासतेस का?" तरी जळजळ काही होईना. आपल्या नशिबी पाणीच, असं म्हणून मी दोन दिवस वन्संशी तुटक वागले.

मग एका सकाळी वन्संचा डावा डोळा सुजून मिटला होता. चट्टा कपाळावर उतरला होता. तरी त्या हातात ड्रॉपर धरून आरशापुढे उभ्या.

"वन्सं, आज डॉक्टरला दाखवू."

"दाखवलंत की ती बाटली काढून घेईल. माझ्याकडे दुसरी संधी आहे का, वहिनी? तुम्ही बोललात तर तुमचं माझं संपलं."

हे त्या गमतीत म्हणत नव्हत्या. मलाही ते कळत होतं. दवाखान्यात त्यांनी फोटोपुरती टाळू उघडी केली, मग रुमाल पुन्हा भुवयांपर्यंत ओढला, काळा चष्मा घातला आणि डॉक्टरने विचारल्यावर म्हणाल्या, "छान वाटतंय."

माझी जीभ सवयीने तेच म्हणायला निघाली होती. मी म्हणाले, "डॉक्टर, यांना छान वाटत नाहीये. रुमाल सोडून बघा. आणि मलाही छान वाटत नव्हतं, कधीच."

रुमाल सुटला. बाटली त्याच क्षणी बंद झाली. मलम लावता यावं म्हणून वन्संचे उरलेसुरले केस बारीक कापावे लागले. डॉक्टरीण तशीच बाहेर बाकाकडे गेली आणि पुन्हा एकदा सगळ्यांना विचारलं. आणखी दोघींनी खाली मान घालून कानामागचं दाखवलं. तिसरीने गुडघे आणि सून यांच्याबद्दल तक्रार केली, पण ती घेता येत नव्हती.

पुढे वन्संच्या पाठीवर चिकटपट्ट्या लावून तपासलं, तेव्हा कळलं की ज्या द्रवात औषध मिसळतात, त्याचंच त्यांना वावडं होतं. तो द्रव दोन्ही बाटल्यांत सारखाच. म्हणजे त्या जळजळीने काहीच सिद्ध होत नव्हतं आणि मी हेवा केला होता तो नुसत्या पुरळाचा.

वन्सं माझ्याशी बोलेनात. समोरासमोर जेवायला बसून मुलाला सांगायच्या, "तुझ्या आईला सांग, भाजीत मीठ कमी आहे." इतक्या वर्षांत त्यांनी माझ्या भाजीला पहिल्यांदाच नाव ठेवलं. मी चाखून पाहिलं. खरंच कमी होतं.

पुढच्या भेटीला मी एकटी गेले. खरं बोलायचं असं ठरवूनच गेले होते. "काडीचाही फरक नाही, डॉक्टर," मी म्हणाले. ती इतकी खूश झाली की मी आणखी दोन दोष शोधून सांगितले.

घरी आले तर वन्सं खिडकीपाशी बसल्या होत्या. डोळा उघडला होता, डोक्यावर पोरांसारखे बारीक केस, रुमाल नव्हता. हातात कंगवा.

"बसा," त्या म्हणाल्या. मुलाला नाही, मला.

मी पुढ्यात जमिनीवर बसले. बराच वेळ त्या भांगातून बोट फिरवत राहिल्या. चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"काय सांगून आलात तिथे?"

"खरं तेच. काही उगवलं नाही म्हणून."

"इथे हे काय आहे मग? काळ्या गोलाच्या कडेला. बारीक आहेत, पण आहेत." त्यांनी एक चिमटीत धरून ओढला. दुखलं. "आयुष्यात एकदा खरं बोलायला गेलात, तेही चुकलं."

"आता परत कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मी येते सोबत. मला ओळखतात तिथे." मग जरा थांबून, "येताना फोटोवाल्याकडे जाऊ. माझा असाच काढू, बारीक केसांचा. भिंतीवर वेगळा तरी दिसेल."

माझ्या उरलेल्या केसांची त्यांनी वेणी घातली, उंदराच्या शेपटीएवढी. रबर बांधलं आणि एक हिसका दिला.