गोल सह्यांचा अर्ज

जपानचा इतिहास शिकवते म्हटलं की लोक मला हमखास दोनच गोष्टी विचारायचे. सामुराई खरंच पोट फाडून घ्यायचे का, आणि तू घरी सुशी करतेस का. मी सुशी करत नाही. मी चार वर्षं ऑकलंडमधल्या एका छोट्या संस्थेत 'जपान : १६०० ते १८६८' हा पेपर शिकवत होते. इथे कोर्सला पेपर म्हणतात. माझा सगळा जीव त्या काळातल्या खेड्यांत अडकलेला. शोगुनच्या राज्यात गावांवर सारा किती बसायचा, गावकरी त्याविरुद्ध तक्रार कशी करायचे आणि तक्रार केल्याबद्दल त्यांचं काय व्हायचं, यावर मी पुण्यात आणि इथे मिळून आठ वर्षं घालवली आहेत. दोन हजार पाच साली वर्गात तेरा मुलं आली होती. त्यांतली दोघं तलवारी बघायला मिळतील या आशेनं आलेली. तिसऱ्या आठवड्यात ती गेली.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संस्थेनं एक चौदा पानी कागद काढला. त्याला 'बदलाचा प्रस्ताव' असं गोंडस नाव होतं. मुलं कमी म्हणून चार पेपर बंद करायचे : जर्मन, लॅटिन, संगीताचा इतिहास आणि माझा. तीन आठवडे सल्लामसलत चालणार होती. ज्याला काही म्हणायचंय त्यानं लेखी म्हणावं. मी एकेका वर्षाच्या करारावर होते. पेपर गेला की मी गेले, आणि जपानी खेड्यांबद्दल बोलायचा पगार देणारी दुसरी जागा या देशात मला तरी माहीत नव्हती.

चहाच्या खोलीत सगळ्यांचा संताप संताप झाला. जर्मन शिकवणारी फियोना तर रडायचीच बाकी होती. "आपण सगळ्यांनी मिळून देऊ या ना काहीतरी," ती म्हणाली, "हीप्स ऑफ सपोर्ट मिळेल!" म्हणून मी अर्ज लिहिला. एकट्या माझ्या पेपरसाठी नाही, चारही पेपरांसाठी. खाली सह्यांसाठी रेघा आखल्या आणि फळ्यावर टाचला.

तीन दिवस त्यावर एक सही पडेल तर शपथ. लोक कप हातात घेऊन यायचे, अर्ज वाचायचे, "व्हेरी वेल पुट, नीलांबरी," म्हणायचे आणि कप विसळून निघून जायचे. मला इतका राग यायचा की मी बिस्किटांचा डबा जोरात बंद करायचे. पण खरं सांगायचं तर पहिल्या रेघेवर मीही सही केली नव्हती. दरवर्षी करार वाढवून घ्यायची काळजी मलाही होती.

माझे बाबा तेव्हा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे हिल्सबरोला आलेले. विश्वनाथराव, निवृत्त नायब तहसीलदार. हरीश, माझा नवरा, हॉस्पिटलच्या फार्मसीत उशिराच्या पाळीला असायचा, त्यामुळे संध्याकाळचं जेवण आम्हा दोघांचंच. मी आमटी वाढता वाढता सहकाऱ्यांचा उद्धार करत होते.

"वरची सही कोणाची आहे?" बाबांनी विचारलं.

"अजून कोणाचीच नाही. तेच तर सांगतेय."

"मग शहाणी माणसं आहेत."

"बाबा!"

"अगं, खरं तेच सांगतो. आमच्याकडे अर्ज आला की मजकूर नंतर वाचायचो. आधी सह्या. पहिली ज्याची, त्याला बोलावून घ्यायचं. बसा म्हणायचं, चहा मागवायचा, घरच्यांची चौकशी करायची. निम्मे अर्ज त्या चहातच मिटायचे."

"आणि न मिटणारे?"

"नोकरीतलं सगळं थोडंच लक्षात राहतं," ते म्हणाले आणि भात कालवायला लागले.

"तुम्हाला काहीच वाटायचं नाही?"

"साहेब विचारायचे, तुमच्याच तालुक्यातून एवढे अर्ज कसे येतात? त्यांना काय सांगायचं? नोकरी होती, नीलू."

मी चांगलं सुनावणार होते. पण 'पहिली सही' हे शब्द डोक्यात घुमले आणि मी हातातला घास तसाच ठेवून उठले. मी स्वतः दरवर्षी सातव्या आठवड्यात हे शिकवते! जपानी गावकऱ्यांनाही नेमकं हेच भय होतं. अर्ज केला की अधिकारी पुढारी शोधायचे, आणि पुढारी सापडला की बहुतेकदा त्याचं डोकं जायचं. म्हणून ते सह्या गोलात करायचे. मधे मोकळी जागा, भोवती सगळ्यांची नावं, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांप्रमाणे. कागद कसाही फिरवा, पहिला कोणी नाही आणि शेवटचा कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या कागदावर अर्ज पुन्हा लिहिला आणि खाली जेवणाची थाळी उलटी ठेवून वर्तुळ काढलं. आठवड्याच्या बैठकीनंतर सगळे चहाला थांबले होते, तेव्हा मी तो टेबलावर पसरला आणि गोष्ट सांगितली. चार वर्षांत माझ्या विषयाबद्दल अवाक्षर न विचारणारे लोक माना पुढे काढून ऐकत होते. माझं आजवरचं सगळ्यात चांगलं व्याख्यान त्या खोलीत, सिंकशेजारी झालं. चाळीस मिनिटांत सतरा सह्या! लॅटिनच्या म्हाताऱ्यानं तर टेबलाला वळसा घालून जागा निवडली. "स्वीट ॲज," म्हणजे इथल्या बोलीत झकास, असं फियोना म्हणाली आणि माझ्या शेजारी तिनं सही ठोकली. त्याच दिवशी मी कागद विभागप्रमुखाच्या टपालात टाकला, आणि घरी जाताना गाडीत मोठ्यांदा गात होते.

चौथ्या दिवशी ग्रॅहमनं बोलावलं. ग्रॅहम आमचा विभागप्रमुख. वाईट माणूस नाही, म्हणूनच जास्त त्रासदायक.

"किया ओरा, नीलांबरी. बस ना. चहा घेशील?" असा माओरी नमस्कार घालून त्यानं स्वतः उठून चहा केला, जिंजरनट बिस्किटं पुढे केली. "वडील आले आहेत ना तुझे? त्यांना ही थंडी सोसते का?"

मी कप हातात घेतला. हे सगळं मी चार दिवसांपूर्वी ऐकलं होतं, आमटी वाढताना.

"सह्यांची पद्धत छान आहे," तो म्हणाला. त्याच्यासमोर माझ्याच पेपरची रूपरेषा उघडी पडली होती. मी दरवर्षी ती त्याच्याकडे मंजुरीला पाठवायचे. तो ती वाचत असेल असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. एरवी मला आनंद झाला असता. त्यानं सातव्या आठवड्यावर बोट ठेवलं. "ही कल्पना तुझीच असणार."

मला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. आठ वर्षं अभ्यास करून एवढी साधी गोष्ट कळू नये? त्या गावांत सगळेच शेतकरी होते. सगळ्यांनाच गोल माहीत होता, म्हणून गोलात माणूस लपत होता. इथे आख्ख्या इमारतीत गोल माहीत असलेली एकटी मी. सरळ रेघेवर सतराव्या नंबरला सही केली असती तर मी दिसलेही नसते. मी लपायची जागाच अशी शोधली की तिच्यावर माझी पाटी लावलेली.

ग्रॅहम फार समजुतीनं बोलत होता. सामूहिक अर्ज वर गेला की वातावरण बिघडतं. त्यापेक्षा प्रत्येकानं आपापलं वेगळं पत्र दिलं तर बरं. लोक माझं ऐकतात, तेव्हा हा कागद मीच मागे घ्यावा. "मग तुझा करार अजून एक सेमिस्टर वाढवता येतो का, ते मी बघेन. वचन देत नाही हं. शुक्रवारपर्यंत विचार कर."

घरी आल्यावर बाबांनी माझं तोंड बघूनच ओळखलं.

"चहा दिला?"

"दिला."

"बिस्कीट?"

"जिंजरनट."

"म्हणजे अर्ज लागलाय त्यांना," बाबा गंभीरपणे म्हणाले. "मागे घे. सहा महिने तर मिळतील. तेवढ्यात दुसरं काही बघता येईल."

"आणि बाकीचे तीन पेपर?"

"त्यांच्यासाठी तू कशाला मरतेस? उद्या तुझ्यासाठी येणार आहेत का ते?"

"बाबा, मागे न घेणाऱ्यांचं तुम्ही काय करायचात?"

"कपडे वाळलेत वाटतं," म्हणून ते मागच्या अंगणात गेले आणि दोरीवरचे ओले टॉवेल काढून आणले. मी ते पुन्हा वाळत घातले.

शुक्रवारी मी ग्रॅहमच्या दारातच उभी राहिले. बसले असते तर त्यानं पुन्हा किटली लावली असती. "कल्पना माझी आहे," मी म्हटलं. "अर्ज राहू दे." एवढं बोलताना माझा आवाज चिरका झाला, त्याचाही मला राग आला.

"स्पष्ट सांगितलंस, बरं वाटलं," तो म्हणाला, आणि त्यानं काहीतरी लिहून घेतलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं. कर्मचाऱ्यांच्या भावना पोचल्या आहेत, ग्रॅहम म्हणाला, एवढ्या एकजुटीची दखल घ्यावीच लागेल. जर्मन राहील. लॅटिन राहील. संगीताचा इतिहास राहील. जपानचा पेपर मात्र वर्षअखेर थांबवण्यात येईल. पहिल्या तीन वाक्यांनाच टाळ्या सुरू झाल्या होत्या, चौथं त्यांत बुडून गेलं. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. हात थांबवायचं लक्षात यायला मला जरा वेळ लागला.

बाहेर फियोनानं मला मिठी मारली. "यू लेजंड," ती म्हणाली. मग, "तुझ्याबद्दल खूप वाईट वाटतंय, खरंच. पण मी काही बोलले असते तर सगळंच परत उघडलं असतं ना?" माझ्याकडे याचं उत्तर तयार होतं. अभ्यासात अशी गावं मी कितीतरी पाहिली होती. सारा कमी झाला, पुढारी गेला, आणि पुढच्या हंगामात लोक पेरणीला लागले. फरक एवढाच की तेव्हा मला त्या गावांचं कौतुक वाटायचं. मी फियोनाला "इट्स ओके" म्हटलं आणि स्वतःवर चरफडत गाडीपर्यंत गेले.

बाबा दारातच उभे होते.

"काय झालं?"

"तीन वाचले."

चौथ्याचं त्यांनी विचारलं नाही. मी पर्स फेकली, बूट फेकले. "तुम्ही म्हणाला होतात तेच झालं," मी ओरडले. "झालं समाधान? एकही माणूस बोलला नाही, बाबा. एकही!"

ते सोफ्यावर बसले. चष्मा काढून पुसू लागले.

"राजाराम म्हणून एक होता," ते म्हणाले. "रेशनचं दुकान गावाबाहेर पाटलाच्या मळ्यात होतं. ते गावात आणा, असा अर्ज. पहिली सही त्याची. मी बोलावलं, तर चहाला हात लावला नाही त्यानं. अर्जही मागे घेतला नाही."

"मग?"

"दुकान आलं गावात. वरूनच हुकूम आला."

"आणि राजारामचं काय केलंत?"

"त्याचे वडील वारले होते. सातबाऱ्यावर वारस म्हणून त्याचं नाव लावायचं होतं. आठ दिवसांचं काम. ते मी बाजूला ठेवून दिलं. आज या, उद्या या. चार वर्षं यायचा तो, एस्टीनं, दर सोमवारी."

"गावातलं कोणी आलं नाही त्याच्याबरोबर?"

"गाव दुकानासमोर रांगेत उभं होतं."

माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेना. समोर सत्तरीचा माणूस बसला होता, माझाच बाप, हरीशचा जुना स्वेटर घातलेला.

"पण शेवटी नाव लावलंत ना?" मी विचारलं.

"लावलं," बाबा म्हणाले. "त्याच्या मुलांचं. तोवर तो गेला होता."