तुलाही ऐकू आलं का?

थोरली आणि धाकटी जुळ्या, इतक्या एकसारख्या की आईसुद्धा फसायची. धाकटीला विशीत स्किझोफ्रेनिया झाला आणि थोरलीच्या मनात जी धास्ती बसली ती बसलीच: आज ना उद्या आपलीही पाळी. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. बीज रक्तातून येतं खरं, पण ते प्रत्येकीत रुजतंच असं नाही. धाकटी जन्मताना गुदमरली होती, पुढे गांजाच्या नादी लागली होती. अशा कशाकशाची भर पडत जाते. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. थोरली मान डोलवायची, पण तिची भीती डॉक्टरांना भीक घालत नव्हती.

औषधं लागू पडली तशी धाकटी थोरलीच्या पार्लरमध्ये मदतीला येऊ लागली. आवाज खरा की भास अशी शंका आली की बिनदिक्कत विचारायची, "ताई, तुलाही ऐकू आलं का?" थोरली हो किंवा नाही म्हणायची, की ही पुन्हा कामाला.

एका दुपारी दुकान रिकामं असताना थोरलीला कुणीतरी नावानं हाक मारली. दारात कुणीच नव्हतं. धाकटी खाली मान घालून टॉवेलांच्या घड्या घालत होती. थोरलीनं हातातली कात्री खाली ठेवली. दारापर्यंत जाऊन आली, तर पुन्हा तीच हाक.

"तुलाही... ऐकू आलं का गं?"

धाकटीनं मान वर केली. तिला सगळं कळलं.

"आलं की! मागच्या दारी पार्सलवाला कधीचा बोंबलतोय. एवढं कुढत काय बसलीस? विचारायचं असतं, वेडाबाई!"

आपण कुणाला काय म्हणालो ते धाकटीच्या लक्षात आलं, आणि आधी तीच फिस्सकन हसली.