ओगल्यांची विचारायची रीत

वैजयंती ओगले फ्रेंच शिकायला लागली आणि तिसऱ्या रविवारी संपलेला चिवडा डब्यात परत आला.

डबा श्रीरंगरावांनी सकाळी स्वतः झटकून रिकामा केला होता. दुपारी त्यांनी बायकोला विचारलं, "चिवडा उरला नाही ना?" ओगल्यांची विचारायची रीतच ही, पणजोबांपासूनची. पाहुण्यालाही ते "चहा नको ना?" असंच विचारायचे. अहो, मुलगी बघायला गेले तेव्हासुद्धा श्रीरंगराव म्हणाले होते, "मी पसंत नाही ना?" वैजयंतीने हसून मान हलवली होती. उभी हलवली की आडवी, ते काही त्यांना गेली तेवीस वर्षं आठवत नव्हतं.

"सी," वैजयंती म्हणाली.

"सी म्हणजे?"

"फ्रेंचमध्ये तीन उत्तरं असतात. हो, नाही आणि सी. 'नाही ना?' असं कोणी विचारलं आणि ते असलं, तर सी म्हणायचं. लाबडे सरांनी शिकवलं."

डबा काठोकाठ भरलेला होता. श्रीरंगरावांनी मूठभर चिवडा खाल्ला. चिवडा छान होता, पण लाबड्यांचं नाव घशाखाली उतरेना. तेवीस वर्षं विचारतोय आपण, आणि उत्तराचा शब्द हिला त्या लाबड्याने द्यावा! त्यांच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"हा लाबडे काही देखणा नाही ना?"

"सी."

"तो आज इकडे यायचा नाही ना?"

"सी."

बेल वाजली. दारात लाबडे सर उभे होते, देखणे. डोक्यावरचे केस इतके नवे होते की ते स्वतःच हात लावून बघत होते.

"जेवायला थांबणार नाहीत ना?" श्रीरंगरावांनी बायकोला विचारलं.

"सी."

टेबल एका ताटापुरतं लांब झालं. ताट वाढलेलं होतं, वाटीत आमटीही होती. लाबडे सर बसले. वैजयंती टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसली होती, ती तेवढी लांब गेली.

इथे शहाण्या माणसाने गप्प बसावं की नाही? पण संशयाला औषध नसतं. "यांच्याशी तू फोनवर बोलत नाहीस ना?" सी. "मी नसताना हसत नाहीस ना?" सी. दर उत्तराला एक ताट, एक आमटीची वाटी, आणि वैजयंती आणखी हातभर लांब. टेबल भिंतीतून शेजारच्या नेन्यांच्या हॉलमध्ये शिरलं. नेनेकाकूंनी पाय वर घेतले आणि मालिका बघत राहिल्या.

"ओगले, आता पुरे," लाबडे सर आमटीवर फुंकर घालत म्हणाले. "त्या खरं तेच सांगणार."

"तुम्ही मध्ये बोलू नका," श्रीरंगराव ओरडले.

पलीकडून, नेन्यांच्याही पलीकडून, वैजयंतीचा आवाज आला. ती आता अंगठ्याएवढी दिसत होती.

"अहो, एकदा तरी सरळ विचारा! तुम्हाला काय हवंय ते!"

तीच हवी होती. लाबडे नको, टेबल नको, चिवडासुद्धा नको. श्रीरंगरावांना रडू फुटायच्या बेतात होतं. 'वैजू, माझ्याजवळ राहशील?' एवढंच विचारायचं होतं. शब्द जिभेवर आणून त्यांनी दोनदा घोळवून पाहिले. मग छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

"वैजू, तू मला सोडून जाणार नाहीस ना?"

नेनेकाकूंनी टीव्हीचा आवाज बंद केला. लाबडे सरांनी हातातला घास ताटात ठेवला.

तिकडे वैजयंतीचे ओठ हलले. काय म्हणाली ते इतक्या लांबून कळेना. तिचा आवाज टेबलावरून यायला निघाला होता. पहिली वाटी किणकिणली. मग तिच्या अलीकडची. मग भिंतीतली.

श्रीरंगरावांनी दोन्ही कानांवर हात दाबून धरले. किणकिण ऐकू येईनाशी झाली. पण एकेका वाटीतली आमटी थरथरत त्यांच्याकडे येत होती, आणि लाबड्यांची वाटी हलली तेव्हा त्यांच्या स्वतःच्या वाटीतली आमटी अजून स्थिर होती.