साबणाची वडी

घरात साबण टिकंना झाला तवा मी आधी उंदरांना शिव्या दिल्या. मग शेजारच्या निर्मलाबाईवर संशय घेतला. हिंगोलीच्या स्टेशनामागं आमची एक खोली. कपड्याला आणलेली वडी महिनाभर जायची, ती आठ दिसांत अर्धी व्हायला लागली. शेवटी चोर सापडला. आमचे कारभारीच वडी विजारीच्या खिशात घालून निघाले व्हते.

"काहून, मोटारीला न्हाऊ घालता का?" मी ईचारलं.

ते हसले न्हाईत. दार लोटून घेतलं अन् हळूच म्हणाले, "टाकीची शिवण सुटलीय. मागून पेट्रोल झिरपून राहिलं. कोरडा साबण दाबून बसवला की थांबतंय. कुठं बोलू नको."

हरिचंद शेठच्या टाकीच्या लॉरीवर ते ड्रायव्हर. स्टेशनावर पेट्रोल भरायचं अन् कळमनुरी, बाळापूर, औंढा, सेनगाव इथल्या मोटारवाल्यांना नेऊन द्यायचं. बाप जन्मभर मेंढरांमागं फिरला अन् पोरगं खाकी घालून मोटार हाकतंय, म्हणून सासूबाईंचे पाय जमिनीला लागत नव्हते. मला मात्र त्या वासानं नको नको झालं व्हतं. अंगाला वास, अंथरुणाला वास. ते घरी आले की आधी चूल विझवायची, मग त्यांना आत घ्यायचं. बिडी तर लग्नाच्याच साली सोडायला लावली व्हती.

"शेठला सांगा की," मी म्हणलं.

"सांगितलं. लढाईपायी पत्रा मिळंना म्हणतो. गाडी उभी केली तर तूबी घरी बैस म्हणतो. अन् गळतीचं गावात कळालं तर तुझ्याच घरातून फुटलं असं धरून कामावरून काढीन म्हणतो."

"मग बसा घरी. मेंढरं राखा."

"पंचफुला, मला दुसरं काही येत न्हाई, अन् दुसरं काही करायचंबी न्हाई." एवढं बोलून ते निघून गेले. मी दिवसभर भांडी आपटली. तवापासून ते घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीला लागायचा.

नवरात्र आलं. खंडेनवमीला आमच्यात हत्याराची पूजा असते. कुऱ्हाड, विळा, मेंढरं कातरायची कातर, सगळं धुऊनपुसून मांडायचं. सासूबाईंनी आमच्या गावाहून, डोंगरकड्याहून, निरोप धाडला, औंदा लॉरी दारात आण, गावासमोर ओवाळते. शेठ खूश. शेला-नारळ मिळणार म्हणून तो स्वतः पुढच्या शिटावर येऊन बसला. मी आदल्या दिशीच बैलगाडीनं गावात पोचले व्हते.

बाळापूरला अर्धी टाकी रिकामी करून लॉरी पारापाशी येऊन थांबली. पोरींनी झेंडूच्या माळा घातल्या. कुणीतरी शेठच्या खांद्यावर शेला टाकला. सासूबाई ताट घेऊन आल्या, ताटात निरांजन पेटलेलं. त्यांनी लॉरीच्या तोंडाला कुंकू लावलं, ओवाळलं. टाकी मागं हाय, दिवा पुढं हाय, असं मी मनाला समजावत उभी व्हते.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "टाकीलाबी ओवाळते. माझ्या लेकराच्या पोटाला तीच घालते." अन् ताट घेऊन मागं वळल्या.

मी टाकीखाली पाहिलं. माती ओली व्हती. साबण वाटेतच उखडला असणार. कारभाऱ्यांनीबी ती माती पाहिली, मग शेठकडं पाहिलं.

"आत्याबाई, तिकडं नका जाऊ," मी सासूबाईंना म्हणलं.

"काहून?" त्या चालतच राहिल्या.

खरं बोलावं तर नवऱ्याची भाकर जाते, गप बसावं तर नवराच जातो. मी त्यांना आडवी गेले अन् पेटलेल्या निरांजनावर तळवा दाबला. ज्योत हाताखाली चरचरली अन् विझली. वात तुपासकट कातड्याला चिकटली.

लेकाच्या नावानं लावलेला ओवाळणीचा दिवा, अन् तो त्याच्या बायकोनंच विझवला. आमच्यात यापेक्षा मोठं अभद्र न्हाई. सासूबाईंच्या हातातून ताट पडलं. "अवदसे, माझ्या लेकाच्या मुळावर उठलीस," म्हणाल्या अन् मटकन खाली बसल्या.

मी कारभाऱ्यांकडं पाहत राहिले. एक शब्द बोलले असते तर माझी सुटका व्हती. ते शेठला म्हणाले, "उपासानं तिचं डोकं फिरलंय. व्हतं कधीमधी असं."

हात जळाला त्यापेक्षा हे जास्त झोंबलं. पण रागवायला तरी माणूस समोर उभा व्हता, धडधाकट.

हिंगोलीला आल्यावर त्यांनी मान खाली घालून माझ्या हाताला खोबरेल लावलं. "नोकरी गेली असती," एवढंच म्हणाले.

"साबण आणा येताना," मी म्हणलं. "दोन वड्या आणा."

पुढं शिवरात्रीला औंढ्याची जत्रा भरली. लोकांनी रस्त्याच्या कडेनं तीन दगडांच्या चुली मांडलेल्या. तिथंच खड्ड्यात लॉरीचं चाक आदळलं अन् टाकीची शिवण उकलली. पेट्रोलची धार रस्त्याला लागली, तिला चुलीचा जाळ लागला. पाहणारे सांगतात, उडी मारायला वेळ व्हता. कारभाऱ्यांनी तवा मारली न्हाई. भवती लेकरंबाळं व्हती म्हणून पेटलेली लॉरी तशीच पडीक रानात घातली अन् मग उडी मारली. दुसऱ्या कुणाला चटकाबी बसला न्हाई.

दवाखान्यात मला आत सोडलं तवा पट्ट्यांतून त्यांचं तोंड तेवढं दिसत व्हतं. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या व्हत्या, माझ्याकडं बघितलंबी न्हाई. बाहेर गावची माणसं कुजबुजत व्हती. दिवा विझवला, म्हणून झालं. बोलू दे, मी मनात म्हणलं. एका माणसाला खरं ठाऊक हाय, तेवढं मला पुरं.

मी त्यांच्याजवळ वाकले. ओठ हलले.

"पंचफुला, काहून विझवला तू माझा दिवा?"

सगळं माझ्या तोंडावर आलं. साबण, शिवण, ओली माती, शेठ. तुमीच तर पाहिलं व्हतं की तुमच्या डोळ्यानं. मी कुणाचं ऐकून घेणारी बाई न्हाई. पण ते डोळे लई भ्यालेले व्हते.

"चुकलं माझं," मी म्हणलं. "आता तोंड उघडा, पाणी घ्या."

त्यांनी दोन घोट घेतले अन् डोळे मिटले ते मिटलेच. भिंतीपाशी बसलेल्या सासूबाईंनी माझं बोलणं ऐकलं. तेच त्या अजून दारोदार सांगत असतात.