घड्याळाखालचा माणूस

बिल्डरच्या नकाशात लोरेटा गादोम्स्कीच्या दुकानावर हिरवा रंग फासला होता. हिरवा म्हणजे झाडं नव्हेत, पाच मजली पार्किंग.

अमेरिकेतल्या लेक एरी सरोवराच्या काठच्या त्या शहरातलं जुनं बेसबॉल स्टेडियम 'जपायचं' ठरलं होतं. म्हणजे दर्शनी भिंत तेवढी ठेवायची, मागे श्रीमंतांचे फ्लॅट उठवायचे आणि त्या भिंतीच्या सावलीत ज्यांनी जन्म काढला त्यांना झाडून काढायचं. म्हातारीला पुरायचं आणि तिची कवळी काचेच्या कपाटात मांडायची, तसला हा मानभावीपणा.

लोरेटाचं सॉसेजचं दुकान फाटकासमोर आणि बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. नकाशा मंजूर झाला की दोन्ही जमीनदोस्त. तिचा नवरा स्टॅन संघाचा तिसऱ्या बेसवरचा कोच होता. टोपी, कान, छाती, बाही चाचपायची आणि त्या खुणांनी आपल्या खेळाडूला सांगायचं, मार, थांब, पळ, हे त्याचं काम. स्टॅन गेला, पण बाईची नजर शाबूत राहिली. समोरच्या संघाच्या खुणा ती स्टँडात बसून चोरायची आणि बोंब मारून सगळ्यांना सांगायची. अंपायरने तिला दोनदा बाहेर काढलं होतं. तिसऱ्यांदा काढायला तो धजला नाही, कारण सॉसेज तोही तिच्याकडेच खायचा.

शनिवारी सकाळी चर्चच्या हॉलमध्ये सुनावणी होती. समितीत दोघं बिल्डरकडून, दोघं वस्तीकडून आणि पाचवं मत अध्यक्ष अर्लीन टकरबाईंचं. बाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं, "हॉलमधलं वारं बघून हात वर करीन."

आणि अर्धा हॉल हिरव्या टीशर्टांनी भरलेला! छातीवर लिहिलेलं, 'आता बांधा!'

"ही कोण मंडळी गं?" ओडेल पेटवेने लोरेटाला विचारलं. स्टेडियममध्ये लोकांना जागेवर नेऊन बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. "यातल्या एकालाही मी कधी खुर्ची दाखवलेली नाही."

"तू आताशा स्वतःची खुर्चीही विसरतोस."

"खुर्ची विसरतो, बूड विसरत नाही."

बिल्डर ग्रँट व्हिटफील्ड बोलायला उठला. दात असे पांढरे, की बघणाऱ्याने डोळ्यांवर हात धरावा. "हा परिसर तुमचा आहे," तो म्हणाला, आणि हिरव्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. लोरेटा ना बिल्डरकडे बघत होती, ना टाळ्यांकडे. टाळीच्या आधी सगळ्या हिरव्या मुंड्या एकदम उजवीकडे वळल्या होत्या. भिंतीवरच्या घड्याळाकडे. घड्याळाखाली एक मिशाळ माणूस उगाच अंग चाचपत उभा होता. वस्तीतलं कोणी मधे ओरडलं की मुंड्या पुन्हा तिकडेच वळत आणि हुर्यो उडे.

"ओडेल, चोर सापडला," ती कुजबुजली. "कान धरला की टाळ्या. हनुवटी धरली की हुर्यो. अरे, आमच्याच गल्लीत येऊन आम्हालाच खुणा दाखवतोय! कोळ्याच्या दारात मासे लपवतोय मेला."

"मग?"

"त्याला बाहेर काढ."

ओडेल शांतपणे मिशाळाजवळ गेला. "साहेब, मागच्या गल्लीतली बस तुमची का? टोइंगवाल्याने हुक लावलाय."

बस येताना दिसली होती, हुक साफ खोटा. पण मिशाळ पळत सुटला.

लोरेटा जाऊन घड्याळाखाली उभी राहिली. व्हिटफील्ड पार्किंगवर आला तशी तिने हनुवटी धरली. काही नाही. पुन्हा धरली. हिरवी मंडळी ढिम्म. काय चुकलं? मग तिला आठवलं, मिशाळ दर खेपेला आधी पट्ट्याला हात लावत होता. अस्सं! पट्ट्याला हात लागल्याशिवाय बाकीचं नुसतं खाजवणं. स्टॅनही हेच करायचा. लाज वाटली तिला, इतकं साधं सुटलं म्हणून.

तिने कमरेवरच्या एप्रनची गाठ चाचपली आणि हनुवटी धरली.

"हूऽऽऽ!" अर्धा हॉल गरजला.

व्हिटफील्डचे दात मिटले. "मित्रहो, पाच मजले म्हणजे सोय..."

"हूऽऽऽ!"

दारात उभं राहून तिची पहिली फजितीही पाहिलेला ओडेल आता माइकपाशी पोचला. "भिंत ठेवा, छप्पर दुरुस्त करा आणि आमच्या दारातून चालते व्हा," तो म्हणाला. लोरेटाने गाठ चाचपली, कान धरला. टाळ्याच टाळ्या!

टकरबाईंनी चष्मा वर केला. "असा एकमुखी हॉल मी जन्मात पाहिला नाही."

आणि दारातून मिशाळ आत आला, लालबुंद. सरळ लोरेटाशेजारी उभा राहिला. पट्टा, कान. तिची गाठ, हनुवटी. काही हिरवे टाळ्या पिटत होते, काही हुर्यो करत होते आणि एक जण दोन्ही करत होता.

"सरक बाजूला, म्हातारे," तो दातओठ खात पुटपुटला.

"मोठ्याने बोल की! सगळ्यांना ऐकू दे ही जागा कोणाची ते."

मोठ्याने काय बोलणार, कप्पाळ? बोलला असता तर स्वतःच उघडा पडला असता.

शेवटी पुढच्या रांगेतली एक हिरवी बाई वैतागून उठली. "मॅडम, आम्हाला घड्याळाखालच्या माणसाकडे बघायला सांगितलंय. तिथे आता दोघं आहेत. ऐकायचं कोणाचं?"



"तुम्ही राहता कुठे?" टकरबाईंनी विचारलं.

"लांब. बसने आणलं. जेवण देणार होते, ते अजून दिलेलं नाही."

मतदान झालं. टकरबाईंचा हात विरोधात गेला आणि नकाशा पडला. व्हिटफील्डने कागद गुंडाळले. "दुरुस्त्या करून वसंतात परत येऊ," तो म्हणाला. अशी माणसं जातच नाहीत. पावसाळ्यातल्या गोमाशीसारखी उडतात आणि पुन्हा त्याच जखमेवर बसतात.

दुपारी सगळे हिरवे टीशर्ट लोरेटाच्या दुकानात उपाशीपोटी रांगेत उभे. शेवटी मिशाळ. त्याने बोटाने सॉसेज दाखवलं.

"तोंडाने माग. हातवारे बंद."

त्याने मागितलं. खाताखाता विचारलं, "पट्ट्याचं कधी कळलं तुम्हाला?"

"पहिल्याच टाळीला," लोरेटा म्हणाली.

ओडेल छताकडे बघत राहिला. मग त्याने बरणी पुढे सरकवली आणि मिशाळाला म्हणाला, "मोहरीची चटणी घे रे. बाई खोटं बोलतात, पण चटणी चांगली करतात."