बॉनेटच्या आतला रंग

मी एक जुनी पिकअप गाडी आहे, मित्रांनो. पण म्हातारी म्हणाल तर बघा! आष्ट्याच्या आप्पासोंनी मला नवीकोरी घरी आणली, तेव्हा त्यांच्या मालकीणबाईंनी, बनुबाईंनी, माझ्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता.

पुढं कितीतरी वर्षं मी सांगलीच्या बाजारात हळद नेली. येताना पेंड आणली, लग्नाची वऱ्हाडं पोचवली, एकदा तर अडलेली म्हैस डॉक्टरांच्या दारात नेऊन उतरवली. आप्पासोंची गाडी लय गुणाची, असं लोक म्हणायचे. मला ते ऐकायला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग आप्पासो गेले आणि मी गोठ्यामागं उभी राहिले. टायर बसले. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालू लागल्या. कुपवाडचा एक भंगारवाला माझ्या दारावर खडूनं आपला फोन नंबर लिहून गेला, तो मी कितीतरी दिवस अंगावर वागवला. बनुबाई मात्र दर खंडेनवमीला मला झेंडूचा हार घालायच्या. बंद गाडीची कसली पूजा, म्हणून शेजारणी हसायच्या.

त्यांचा मुलगा कृष्णात बावीस वर्षं फौजेत ट्रक चालवून घरी आला. आल्यावर काय करावं ते त्याला सुचेना. पहाटे उठायचा, दाढी करून, बूट घालून बसायचा, आणि जायचं कुठंच नसायचं. एके दिवशी त्यानं माझं बॉनेट उघडलं. हळदीच्या हंगामापर्यंत हिला रस्त्यावर आणतो, नाही जमलं तर भंगारवाल्याला बोलाव, असं त्यानं बायकोला, रेश्माला, सांगून टाकलं.

हातात पैसा बेताचाच होता, पण गडी हिकमती. केबिनचा पत्रा कुजला होता, तिथं त्यानं स्वतःची फौजेतली ट्रंक कापून ठिगळ लावलं. रेश्मानं ताडपत्रीच्या तुकड्यांचं सीट शिवलं. रेडिएटर कुठल्यातरी मोडक्या गाडीचा मिळाला. इंजिन सुरू झालं तेव्हा मी इतका धूर सोडला, की बनुबाई खोकत खोकत हसल्या.

राहिला रंग. कृष्णातनं आपल्या हातानं मला फौजी हिरवा रंग दिला, बॉनेटच्या आतसुद्धा. काय माझा रुबाब सांगू! एरवी गप्प असणारा माणूस त्या दिवशी शीळ घालत होता. बावीस वर्षं त्याच रंगाच्या गाड्या चालवल्या, दुसरा रंग त्याच्या डोक्यातच आला नाही. तिथंच चुकलं.

सांगलीत आरटीओच्या तपासणीला नेलं, तर तिथल्या साहेबांनी मला लांबूनच बघून मान हलवली. हा रंग फक्त सैन्याच्या गाड्यांना. काढून आणा, नाहीतर गाडी रस्त्यावर चालवता येणार नाही, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. कृष्णात "जी सर" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पॉलिश पेपर घेऊन मला घासायला बसला. अंग सोलून निघत होतं माझं, पण त्याचा चेहरा बघितला आणि मी माझं दुःख विसरले. बनुबाई जवळ आल्या.

"कृष्णात, रडतोस व्हय रं?"

"आये, वर्दी एकदा उतरवली हुती. आता दुसऱ्यांदा उतरवतोय."

त्याचा हात बॉनेटच्या आतल्या बाजूला गेला, तेव्हा रेश्मानं तो कागद काढून घेतला. "आवं, एवढं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. बाहेरून मला घराच्या खिडक्यांचा उरलेला निळा रंग लागला.

पुन्हा तपासणीला गेलो, तर साहेबांनी इंजिनाचा नंबर बघायला नेमकं बॉनेटच उचललं. आत सगळं हिरवंगार! मला तो खडूचा नंबर आठवला. आता मी भंगारातच जाते, असं वाटलं. कृष्णात सावधान उभा होता. साहेब बराच वेळ आत बघत राहिले.

"फौजेत किती वर्षं?"

"बावीस, सर."

साहेबांनी बॉनेट हलक्या हातानं मिटलं आणि कागदावर सही केली.

आता मी पुन्हा हळद वाहते. मित्रांनो, तुमच्याही घरामागं कुणीतरी काम संपलं म्हणून उभं असेल. वस्तू असेल, नाहीतर माणूस असेल. त्याला हार घाला, पण त्याच्या हाताला कामही द्या. कृष्णात रोज सकाळी तेल बघायला बॉनेट उघडतो. तेल बघायला असा कितीसा वेळ लागतो? तरी तो तिथंच उभा राहतो. मीही घाई करत नाही.